भुतांची सोंगे आणि शेजाऱ्याचे दार

ऑक्टोबर महिना संपत आला म्हणजे नोकरीनिमित्त अमेरिकेत जाऊन राहिलेल्या मुलांकडून व लेकींकडून आपल्या खेड्यापाड्यांतील घरी छायाचित्रे येऊ लागतात. असेच एक छायाचित्र एका मंडळीतील वृद्ध भगिनींस आले. त्यांचा सहा वर्षांचा नातू अंगावर पांढरी चादर घेऊन, डोळ्यांपुरती भोके ठेवून उभा होता. हातात खाऊची पिशवी होती, आणि शेजारी दात विचकणारा, आत दिवा लावलेला एक भोपळा होता. आजीबाईंनी ते चित्र गावच्या उपदेशकांपुढे धरले व म्हणाल्या, "मास्तर, भुताखेतांचा नाद सोडून आमच्या घराण्याला चार पिढ्या झाल्या. आता नातूच भूत होऊन दारोदार मागत फिरतो. याला काय म्हणावं?" उपदेशकांस तत्काळ उत्तर सुचले नाही, व त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे धाडला. प्रश्न विनोदी दिसतो, परंतु तो तसा नाही. मुलांस कोणते खेळ खेळू द्यावे, त्यांच्या मनातील भीतीचे काय करावे, आणि परक्याच्या दाराकडे त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, अशा तीन गोष्टी त्यांत गुंतल्या आहेत. म्हणून त्याचा विचार थोड्या विस्ताराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तो सण कोणता, ते पाहू. त्यास हॅलोवीन म्हणतात. या नावाचा अर्थ सर्व पवित्र जनांच्या दिवसाची आदली संध्याकाळ असा आहे. पश्चिमेकडील मंडळ्या पुष्कळ शतकांपासून 1 नोव्हेंबर हा दिवस होऊन गेलेल्या सर्व पवित्र जनांच्या स्मरणार्थ पाळीत आल्या. 31 ऑक्टोबर ही त्याची पूर्वसंध्या. परंतु आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत त्याच सुमारास याहूनही जुना, साविन नावाचा एक सण होत असे. उन्हाळा संपला, गुरे कुरणांवरून घरी आणली, आणि हिवाळ्याच्या लांब रात्री सुरू झाल्या, की त्या संधीवर मेलेल्यांचे व जिवंतांचे जग एकमेकांजवळ येते अशी तेथील लोकांची समजूत होती. हे दोन्ही प्रवाह कालांतराने एकत्र मिळाले. तेथील मुले सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत व सोंगे घेऊन घरोघर जात. 1845 साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला व मोठा दुष्काळ सुरू झाला. तेव्हा लाखो लोक घरदार सोडून अमेरिकेस गेले, व जाताना आपल्या चालीही घेऊन गेले. नव्या देशात सलगमापेक्षा मोठा व कोरण्यास सोपा असा लाल भोपळा मिळाला. आजीबाईंच्या नातवाजवळ जो भोपळा होता, त्याची वंशावळ ही अशी आहे.

याच तारखेशी आपला दुसराही एक संबंध आहे. 1517 साली 31 ऑक्टोबर रोजीच मार्टिन लूथर यांनी क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपली 95 विधाने पुढे मांडली. विटेनबर्ग येथील ज्या देवळाच्या दाराचे नाव या प्रसंगी घेतले जाते, ते सर्व पवित्र जनांच्या नावानेच वाहिलेले होते. यामुळे कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्या ही तारीख धर्मसुधारणेच्या स्मरणार्थ पाळतात. तात्पर्य, एकाच संध्याकाळी कोणी पवित्र जनांची आठवण करितो, कोणी लूथरची, आणि कोणी भोपळ्यात दिवा लावितो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, ज्याचे मूळ अख्रिस्ती ते ख्रिस्ती घरात नसावे. हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु मूळ एवढीच कसोटी धरली, तर ती कोठवर नेणार? मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील प्युरिटन लोकांनी ती शेवटपर्यंत नेली. नाताळचा सण शास्त्रात सांगितलेला नाही व त्यांत जुन्या चाली मिसळल्या आहेत, असे म्हणून त्यांनी 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. तो कायदा 1681 साली रद्द झाला. आज त्याच प्रांतातील त्यांचे वंशज नाताळात घरोघर दिवे लावितात, आणि त्यामुळे कोणाचा विश्वास बुडाला असे दिसत नाही. झाडाची पारख फळावरून करावी, ही शिकवण आपणांस प्रभूनेच दिली आहे. सणालाही तीच लावावी.

तथापि एवढ्याने आजीबाईंचे समाधान होणार नाही, व होऊही नये. कारण अमेरिकेतील शहरात भूत ही एक गंमत आहे. आपल्या गावात ती गंमत नव्हती. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजापणजांनी देवऋषी व भगत यांच्या दारात कोंबडी, नारळ व लिंबे नेली. मूल तापाने फणफणले तर औषधास पैसा नसे, परंतु उताऱ्यासाठी कर्ज काढले जाई. ही गोष्ट सर्वस्वी मागे पडली असेही नाही. 2013 साली महाराष्ट्र सरकारास नरबळी व जादूटोणा यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून ते रोगमूळ अद्याप किती खोल आहे ते कळते. ज्याच्या घरात भीतीने कर्ज केले, त्यास भीतीचे सोंग पाहून हसू येत नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीच्या नैवेद्याविषयी जो निवाडा दिला आहे, तो येथे नेमका लागू पडतो. ज्यास ज्ञान आहे त्याने दुर्बळ मनाच्या बंधूस ठेच लागेल असे करू नये. म्हणून ज्या घरास हा सण नको वाटतो त्या घरावर कोणी तो लादू नये, आणि तेथील मुलास कोणी भित्रे म्हणू नये.

परंतु भीतीशी वागण्याचे दोन प्रकार आहेत, हेही ध्यानात ठेवावे. भगताच्या दारी जाणारा माणूस भीतीस मान देतो. तिची किंमत ठरवितो व ती चुकविण्यासाठी कोंबडे नेतो. जे मूल बापाचा हात धरून भोपळा कोरते, ते भीतीस मान देत नाही. भोपळ्यात डोळे नाहीत, ते आपण सुरीने केले; दात नाहीत, तेही आपणच केले; आत जळते ती मेणबत्ती आपल्याच आईने लाविली, हे ते पाहते. दुसऱ्या दिवशी भोपळा सुकू लागतो व शेवटी खतात जातो. भुताचा कारखाना ज्याने आतून पाहिला, त्यास भूत विकणे कठीण आहे. एवढ्यासाठीच आमचे असे मत आहे की, या सणाचा उत्तम भाग बाजारातून आणलेल्या मुखवट्यात नाही, तर घरी आईबापांसह बसून केलेल्या कामात आहे. सुरी वडिलांच्या हाती असावी, आणि मुलाने बोटाने गर काढावा, बिया वेचाव्या, कोळशाने तोंड रेखावे. बिया धुऊन, मीठ लावून भाजल्या म्हणजे खाण्यास होतात. अशा रीतीने एक संध्याकाळ आनंदात जाते.

येथेच दुसरा आक्षेप येतो. लहान मुलांस भिवविणे पाप नव्हे काय? आम्ही म्हणतो, होय. ज्या भीतीतून मूल स्वतः बाहेर येऊ शकत नाही, ती भीती त्यास घालणे हा अपराधच आहे. चार वर्षांच्या मुलापुढे एकाएकी मुखवटा घालून उडी मारणारा मामा स्वतः हसतो. मुलाची मात्र रात्रीची झोप जाते. अमेरिकेतील सुज्ञ आईबाप याविषयी काही साधे नियम पाळतात. मुखवटा घालण्यापूर्वी तोंड दाखवावे, व मुलाच्या समक्ष तो चढवावा. अगदी लहानांस उजेड असतानाच दोनचार ओळखीच्या घरी नेऊन परत आणावे. मूल नको म्हणाले, की तेथेच थांबावे. मोठ्या मुलांनी धाकट्यांस भिवविण्याऐवजी त्यांचा हात धरून चालावे, ही त्यांची त्या संध्याकाळची कामगिरी ठरवून द्यावी. भिवविण्यापेक्षा सांभाळण्यात थोरपणा आहे, हे मुलांस अशा कामातून कळते.

सोंगांविषयीही एक शब्द. माणसाच्या दुःखाचे सोंग घेऊ नये. भिकारी, वेडा, लंगडा, अथवा एखाद्या जातीचा वा वंशाचा मनुष्य ही सोंगे नव्हेत. ती कोणाची तरी आयुष्ये आहेत. चेटकिणीचे सोंग तर तेथे फारच आवडते आहे. परंतु त्याच अमेरिकेत सेलम या गावी 1692 साली चेटकाच्या आरोपावरून 19 जणांस फासावर चढविले, व त्यांत 14 स्त्रिया होत्या. आपल्या देशातही काही भागांत एखाद्या विधवेस चेटकीण ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या अजून येतात. मूल दहाबारा वर्षांचे झाले, म्हणजे ही हकीकत आईबापांनी त्यास अवश्य सांगावी. ती ऐकून त्याने टोकदार टोपी ठेवून दुसरे सोंग घेतले, तर ते त्याचे स्वतःचे शहाणपण होईल. शेतकरी, सुतार, परिचारिका, आगगाडीचा चालक, सिंह, मांजर, चंद्र अशी निर्मळ सोंगे थोडी का आहेत?

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुले दारात जाऊन जे शब्द म्हणतात, त्यांचा भावार्थ "खाऊ द्या, नाही तर खोडी काढू" असा आहे. ही तर धमकी झाली. धमकीने मिळालेले दान ते दान कसले? याचे उत्तर समजण्यासाठी मिनेसोटा संस्थानातील अनोका नावाच्या एका लहान गावाची हकीकत ऐकावी. तेथील पोरे या रात्री अनावर होत. एकदा गावकरी सकाळी उठून पाहतात तो मुख्य रस्त्यावर मोकाट सोडलेल्या गाई फिरत आहेत, दुकानांच्या काचांवर साबण फासला आहे, आणि परसातील शौचकूप उलथून पडले आहेत. आपल्याकडील शिमग्यात लाकडे, खाटा व कुंपणे पळविणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हे वर्णन परके वाटणार नाही. गावातील जाणत्या मंडळींपुढे दोन मार्ग होते. पोरांस धरून शिक्षा करावी, किंवा त्यांस काही काम द्यावे. त्यांनी दुसरा मार्ग धरिला. 1920 साली त्यांनी मुलांची मिरवणूक काढली, सोंगे घेण्यास उत्तेजन दिले, शेवटी शेकोटी पेटविली, आणि मक्याच्या लाह्या, शेंगा व गोळ्या वाटल्या. त्या रात्री मुलांच्या हाती मिरवणूक होती, म्हणून गाई गोठ्यात राहिल्या. अनोका येथे तो उत्सव आजही होतो. पुढे 1930 नंतर मंदीच्या काळात इतर शहरांतही खोड्यांचा उपद्रव वाढला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी लोकांनी हीच युक्ती योजिली. दार लावून बसण्याऐवजी ते उघडले, व खोडकर पोरास पाहुणा केले. धमकीचे शब्द तेवढे राहिले; त्यांतील विष गेले.

तरीही शब्द राहिले ते राहिलेच, व मुले शब्दांतून शिकतात. यासाठी स्कॉटलंडची जुनी चाल आम्हांस अधिक पसंत आहे. तेथे सोंग घेऊन आलेल्या मुलास खाऊ फुकट मिळत नसे. त्याने गाणे म्हणावे, कविता म्हणावी, अथवा कोडे घालावे, व मग मूठभर काजूबदाम अथवा एखादे सफरचंद घ्यावे. अशा मुलास भीक मागितल्याची लाज नाही, आणि धमकी दिल्याचा दोषही नाही. घरधन्यास गाणे मिळाले व मुलास फळ मिळाले. ज्या आईबापांस त्या धमकीच्या शब्दांचा संकोच वाटतो, त्यांनी आपल्या मुलास दोन कडव्यांचे एक गीत शिकवून पाठवावे. मराठी असले तरी चालेल. दारातील म्हाताऱ्या बाईस अर्थ कळला नाही, तरी आवाज कळेल.

याच दाराविषयी एक मोठी भीती अमेरिकेत पसरली आहे, आणि ती भुतांची नाही. परका मनुष्य खाऊत विष घालील, अशी ती भीती होय. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी 1958 पासूनच्या बातम्या तपासल्या. दारात येणाऱ्या मुलांस कोणा अनोळखी माणसाने सरसकट विषारी खाऊ देऊन एखाद्याचा जीव घेतला, असे सिद्ध झालेले एकही उदाहरण त्यांस आढळले नाही. 1974 साली टेक्सास संस्थानात एक आठ वर्षांचा मुलगा या रात्री विषारी खाऊने खरोखर मेला. परंतु ते विष शेजाऱ्याने घातले नव्हते, तर विम्याच्या पैशासाठी खुद्द जन्मदात्याने घातले होते. संशय परक्याच्या दारावर, आणि विष आपल्या घरात! खाऊ घरी आणून, दिव्याखाली पाहून मगच खावा, हा नियम चांगलाच आहे. परंतु शेजारी म्हणजे मारेकरी, अशी समजूत मुलाच्या मनात घालणे हे भूत घालण्याहून वाईट आहे. भूत वयाबरोबर जाते; माणसाचा संशय वयाबरोबर वाढतो.

खरा धोका निराळाच आहे, व तो रस्त्यावर आहे. 1975 ते 2016 या 42 वर्षांतील अपघातांची मोजदाद करून संशोधकांनी दाखविले की, आठवडाभर आधीच्या व नंतरच्या त्याच वेळेच्या मानाने हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणारे मोटारीखाली मरण्याचा संभव शेकडा 43 नी अधिक असतो, व 4 ते 8 वर्षांच्या मुलांस तो विशेष असतो. म्हणून काळ्या वस्त्राऐवजी पांढरे किंवा चकाकणारी पट्टी लावलेले वस्त्र घालावे, हाती बत्ती असावी, चादर पायांत येणार नाही इतकी आखूड असावी, मुखवट्याने दृष्टी अडू नये, आणि बरोबर एक वडील मनुष्य असावा. कित्येक मंडळ्या देवळाच्या आवारात मोटारी उभ्या करून, त्यांच्या मागच्या पेट्या सजवून, तेथूनच मुलांस खाऊ वाटतात. हाही उपाय बरा. मात्र त्यामुळे शेजाऱ्याचे दार वाजविणे राहून जाते, ही त्याची उणीव आहे.

दार उघडणारांनीही पुष्कळ शिकण्यासारखे आहे. ज्या मुलांस शेंगदाणे किंवा दूध बाधते, त्यांच्या पिशवीतील अर्धा खाऊ त्यांस टाकून द्यावा लागतो. अशा मुलांसाठी 2012 साली टेनेसी संस्थानातील काही लोकांनी आपल्या दारात हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवण्यास आरंभ केला. त्याची खूण अशी की, या घरी खाऊऐवजी खडू, शिटी किंवा लहानसे खेळणेही मिळेल. 2014 पासून ही चाल देशभर पसरली. सर्वांस एकच गोष्ट दिली म्हणजे सर्वांस सारखे दिले, असे होत नाही. ज्याची त्याची गरज पाहून देणे हेच खरे सारखे देणे होय.

आता या सणातील सर्वांत सुंदर गोष्ट सांगतो. 1949 साली मेरी एमा अ‍ॅलिसन नावाच्या बाईंस फिलाडेल्फिया शहरात मुलांची एक मिरवणूक दिसली. तिच्यामागे जाता जाता त्या एका मोठ्या दुकानापाशी पोचल्या. तेथे युनिसेफ या संस्थेतर्फे उपाशी मुलांस दुधाची भुकटी पाठविण्यासाठी वर्गणी जमा होत होती. या बाई शिक्षिका होत्या व त्यांचे पती क्लाइड अ‍ॅलिसन हे प्रेस्बिटेरियन पाळक होते. उभयतांनी विचार केला की, मुले दारोदार जातातच, तर ती आपल्यासाठीच का मागतात? 1950 च्या हॅलोवीनला त्यांच्या मुलांनी व इतर काही मुलांनी दुधाच्या रिकाम्या कागदी डब्या हाती घेऊन नाणी मागितली, व ती त्या संस्थेस पाठविली. पहिल्या वर्षी 17 डॉलर जमले. पुढे तीच डबी नारिंगी रंगाची होऊन देशभर गेली व कोट्यवधी डॉलर जमले.

तेव्हा हे दूध कोणाच्या ओठांस लागत होते? आपल्या देशातील मुलांसही युनिसेफचे साहाय्य 1949 पासून मिळू लागले होते. गुजरातेत आणंद येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संघाने दुधाची भुकटी करण्याचा जो कारखाना उभारला, त्याची यंत्रसामग्री या संस्थेने दिली. त्या कारखान्याचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 1955 साली झाले, आणि योगायोग असा की, तो दिवसही 31 ऑक्टोबरच होता. त्या मुलांची नाणी नेमकी त्याच यंत्रांत गेली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चादर पांघरून परक्याचे दार वाजविणाऱ्या त्या मुलांनी ज्या संस्थेच्या पेटीत नाणी टाकिली, तिचा हात आपल्या गोठ्यांपर्यंत पोचला, एवढे खरे.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. आई, नातू भूत झाला नाही. चादरीखाली तोच आहे, व हे त्यास ठाऊक आहे. तुम्हांस ते चित्र पाहून वाईट वाटले, यांत तुमची चूक नाही. तुमच्या घराण्याने या भीतीची किंमत मोजली आहे, आणि ती हकीकत तुम्ही त्यास एकदा नीट सांगावी. त्याच्या बापासही ती तितकीशी ठाऊक नसेल. मग त्यास तीन प्रश्न विचारावे. पहिला, बाळा, त्या रात्री तू कोणास भिवविलेस, की कोणाचा हात धरिलास? दुसरा, जे मिळाले त्यांतून कोणास काय दिलेस? आणि तिसरा, ज्या दारांशी तू गेलास त्यांपैकी किती घरच्या माणसांची नावे तुला आता माहीत आहेत?

परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांची घरे एकमेकांपासून दूर असतात, दारे सदा लावलेली असतात, आणि वर्षभर शेजाऱ्याचे तोंड दिसत नाही. अशा गावी एका संध्याकाळी का होईना, आपले लेकरू परक्याच्या दारी निर्भयपणे उभे राहते, आणि परका मनुष्य हसून दार उघडतो. त्या तीन प्रश्नांची उत्तरे चांगली आली, तर आजीबाईंनी ते छायाचित्र मुकाट्याने भिंतीवर लावावे. न आली, तर पुढील ऑक्टोबर यावयास अद्याप वेळ आहे. तोवर नातवास एक गाणे शिकवावे.